बंद पडलेल्या गाडीला पार्किंगचा भुर्दंड कशासाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही चार वर्षांपासून इंग्लंडमध्ये, रेडिंगजवळ राहतो. शनिवारी, ७ जून २०२५ रोजी माझी बायको माझ्या आईला घेऊन एका रिटेल पार्कमध्ये खरेदीला गेली होती. तिथे दोन तास पार्किंग मोफत असतं. गाडी २:०६ला आत गेली. ३:३५ला दोघी परत आल्या तर गाडी सुरूच होईना. ३:४१ला ब्रेकडाउन सेवेला फोन केला, मेकॅनिक ५:०२ला आला. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला होता. शेवटी ५:३८ला गाडी टो करून बाहेर काढली. आता पार्किंग कंपनीची नोटीस आली आहे. तिच्यावर १९ जून तारीख आहे, हातात पडली २४ला. १०० पाउंड भरा, १४ दिवसांत भरल्यास ६०. गाडी माझ्या नावावर असल्यामुळे नोटीसही माझ्याच नावाने आहे. मित्र म्हणतात, फाडून टाक, काही होत नाही. बायको म्हणते, साठ पाउंड भर आणि मोकळा हो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पुढच्या वर्षी आयएलआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज करायचा आहे, म्हणून मलाही धाकधूक वाटते. मी एक विनंतीपत्र लिहून ठेवलं आहे: "माझी पत्नी गाडी चालवत होती, सोबत वयस्कर आई होती, गाडी अचानक बंद पडली, कृपया सहानुभूतीने विचार करावा." पाठवू का?

उत्तर:

पाठवू नका. निदान या शब्दांत तरी नाही. तुमच्या पत्रातलं पहिलंच वाक्य तुमची सगळ्यात भक्कम बाजू काढून घेणारं आहे, आणि शेवटचं वाक्य ज्यांच्यासमोर जाणार आहे त्यांच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

आधी भीतीचं बघू, कारण साठ पाउंड भरून टाकायचा विचार तिच्यातूनच आलेला दिसतो. तुमच्या हातात आहे ती खासगी कंपनीची 'पार्किंग चार्ज नोटीस'. आवारात लावलेल्या पाटीवरच्या अटी चालकाने मोडल्या, म्हणून कराराप्रमाणे एवढी रक्कम द्या, एवढंच तिचं म्हणणं असतं. काउन्सिलच्या 'पेनल्टी चार्ज नोटीस'ची आद्याक्षरंही पीसीएन अशीच होतात आणि कागदाचं रूपही मुद्दाम सरकारी वाटेल असं केलेलं असतं, त्यामुळे भलेभले फसतात. ओळखायची एक खूण सांगते. काउन्सिलच्या नोटिशीत लवकर भरल्यास रक्कम निम्मी होते, खासगी नोटिशीत ४० टक्के सूट असते. शंभराचे साठ झाले की समोर खासगी कंपनी आहे असं समजायला हरकत नाही. तरी वरचं नाव वाचून खात्री करा, कारण काउन्सिलची नोटीस असेल तर पुढचं बरंचसं लागू होत नाही. तिथे काउन्सिलकडे हरकत आणि मग स्वतंत्र न्यायाधिकरण असा वेगळा रस्ता आहे.

खासगी पार्किंग चार्ज हा गुन्हा नाही, वाहतूक गुन्ह्याचा दंडही नाही. नोटीस आली एवढ्याने व्हिसावर किंवा क्रेडिट रेकॉर्डवर काही उमटत नाही. व्हिसाच्या अर्जात विचारलं जातं ते कर्ज न फेडल्याबद्दल तुमच्याविरुद्ध लागलेल्या न्यायालयीन निकालांबद्दल, म्हणजे काउंटी कोर्टाच्या निकालाबद्दल, ज्याला इथे सगळे सीसीजे म्हणतात. असा निकाल तुमच्याविरुद्ध जायला कंपनीने दावा लावावा लागतो आणि तुम्ही तो हरावा लागतो किंवा त्याकडे काणाडोळा करावा लागतो. हरलात आणि महिन्याच्या आत सगळी रक्कम भरलीत, तर ती नोंद रजिस्टरमधून काढून टाकली जाते. म्हणून आयएलआरच्या दृष्टीने धोका लढण्यात नाही, पत्रं न उघडण्यात आहे.

तुमच्या मित्रांचा 'फाडून टाक' हा सल्ला जुन्या काळातला आहे. १ ऑक्टोबर २०१२पर्यंत गाडी कोण चालवत होतं हे कळल्याशिवाय कंपनीला कुणाकडून काही वसूल करता येत नसे. त्या दिवसापासून 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२' लागू झाला. त्याने इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेवर चाकाला क्लॅम्प लावायला बंदी घातली, पण त्याबदल्यात चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून, म्हणजे 'रजिस्टर्ड कीपर'कडून, वसुली करण्याची मुभा दिली. शिवाय २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने 'पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस' खटल्यात ८५ पाउंडांचा चार्ज वैध ठरवला. आज कंपन्या सर्रास दावे लावतात. तेव्हा फाडून टाकू नका. पाकीटसुद्धा टाकू नका, त्यावर पोस्टाचा शिक्का असेल तर तो कामाला येईल.

आता तुमच्या नोटिशीतल्या तारखांकडे या. तुम्ही त्या सहज लिहून गेला आहात, पण या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

कीपरला जबाबदार धरण्याची मुभा सशर्त आहे. गाडीच्या काचेवर काही चिकटवलं नसेल, नुसत्या कॅमेऱ्याच्या नोंदीवरून नोटीस काढली असेल, तर ती घटनेनंतर १४ दिवसांच्या आत कीपरला *पोचली* पाहिजे. मोजणी घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. टपालाने पाठवलेली नोटीस टपालात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचली असं कायदा धरून चालतो, आणि शनिवार, रविवार, सार्वजनिक सुट्ट्या त्यात मोजत नाहीत. हे सगळं चौथ्या परिशिष्टाच्या नवव्या परिच्छेदात, उपपरिच्छेद ४, ५ आणि ६ मध्ये आहे.

तुमचं गणित असं: घटना ७ जून, शनिवार. ८ जूनपासून चौदा दिवस मोजले की मुदत २१ जूनला, शनिवारी संपते. नोटीस १९ जूनची, म्हणजे गुरुवारची. त्याच दिवशी टपालात पडली असं धरलं तरी पहिला कामाचा दिवस शुक्रवार २० आणि दुसरा सोमवार २३. नोटीस दोन दिवस उशिरा आली. तीच बुधवारी १८ला टाकली असती तर शुक्रवारी २०ला पोचल्याचं धरलं गेलं असतं आणि कंपनी मुदतीत बसली असती.

या दोन दिवसांचा अर्थ असा की कंपनीला तुमच्याकडून, कीपर म्हणून, पैसे मागता येत नाहीत. तिला त्या दिवशीचा चालक शोधावा लागेल, आणि चालक कोण होता हे तिला माहीत नाही. ते तिला तुमचं पत्र सांगणार होतं!

तुम्हाला वाटेल, हे लपवाछपवीचं झालं. पत्राचा सूर पाहता तुम्ही सरळमार्गी माणूस दिसता, म्हणून हे नीट मांडते. पोलिसांनी वाहतुकीच्या गुन्ह्यासाठी चालकाचं नाव विचारलं तर ते सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, न सांगणं हाच गुन्हा ठरतो. खासगी पार्किंग कंपनीला नाव सांगण्याचं असं कोणतंही बंधन कीपरवर नाही. नोटिशीत नाव कळवण्याची *विनंती* असते. संसदेने कंपन्यांना एक मोठी सवलत दिली आणि तिच्यासोबत काही अटी घातल्या. त्या अटी पाळल्या आहेत का हे विचारणं हा तुमचा हक्क आहे. खोटं मात्र एक अक्षर लिहायचं नाही. तशी गरजही नाही, कारण तुम्ही त्या दिवशी गाडी चालवत नव्हतात. "मी नोंदणीकृत कीपर आहे, त्या वेळी मी चालक नव्हतो" हे वाक्य तुम्ही अपिलात लिहू शकता आणि वेळ आलीच तर कोर्टातही शपथेवर सांगू शकता.

एक मर्यादा ध्यानात असू द्या. उशिराचा हा मुद्दा फक्त कीपरला वाचवतो. चालकाचं नाव एकदा दिलं की तो कायमचा गेला. म्हणून अपिलात 'मी', 'आम्ही', 'पत्नी' हे शब्द गाडी चालवणं, लावणं किंवा परत येणं यांच्याशी कुठेही जोडू नका. 'चालक', 'गाडी', 'गाडीतील व्यक्ती' एवढंच. "आम्ही खरेदी करून परत आलो तेव्हा" अशा एका वाक्याने अनेकांची अपिलं कोसळली आहेत.

दुसरा मुद्दा प्रत्यक्ष बिघाडाचा. इथे तुमच्या मसुद्याचा सूर बदलायला हवा. दया मागायची नाही, वस्तुस्थिती मांडायची. याचं कारण पुढच्या पायरीत आहे. कंपनीने अपील फेटाळलं की प्रकरण स्वतंत्र अपील सेवेकडे जातं, आणि तिथले निर्णय करार, कायदा आणि नियम यांवर होतात. 'अडचण होती, समजून घ्या' हे कंपनीला सांगता येतं, पण पोप्ला या अपील सेवेचे परीक्षक परिस्थितीची कणव म्हणून चार्ज रद्द करत नाहीत. तेव्हा तेच सत्य दुसऱ्या बाजूने मांडायचं: त्या वेळी गाडी *हलवणं अशक्य* होतं. दोन तास संपायच्या आतच ती अचल झाली होती, आणि तिथून पुढे ती 'पार्क' केलेली नव्हती, अडकलेली होती.

याला आधार आहे. २०१६ साली ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात 'जॉप्सन विरुद्ध होमगार्ड' या अपिलात न्यायाधीशांनी म्हटलं की गाडी नुसती थांबली म्हणून ती पार्क झाली असं होत नाही, नाहीतर वाहतूक कोंडीतल्या गाड्यांच्या रांगाही पार्क केलेल्याच म्हणाव्या लागतील. गाडी पार्क होती की नुसती थांबलेली, हा प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. तो खटला सामान उतरवण्याचा होता, बिघाडाचा नाही, आणि काउंटी कोर्टाचा निकाल इतर कोर्टांवर बंधनकारक नसतो. पण तो वजनदार मानला जातो, तेव्हा हवाला जरूर द्या. जोडीला करारकायद्यातलं जुनं तत्त्व आहे: कुणाच्याही चुकीशिवाय अट पाळणं अशक्य होऊन बसलं, तर ती मोडल्याचा दोष देता येत नाही. कंपनी उत्तरात बीव्हिसचा निकाल हमखास पुढे करेल. त्यावर उत्तर सरळ आहे. चेम्सफर्डच्या त्या रिटेल पार्कमध्ये बीव्हिस दोन तासांच्या मुदतीनंतर ५६ मिनिटं जास्त थांबले होते. त्यांची गाडी बंद पडलेली नव्हती.

हा दुसरा मुद्दा पहिल्याइतका निर्णायक नाही. तो सर्वस्वी पुराव्यावर उभा आहे, आणि पुराव्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ३:४१चा फोन. मोफत वेळ ४:०६ला संपत होती. बिघाड त्याच्या पंचवीस मिनिटं आधी नोंदला गेला आहे. हाच फोन सव्वाचारला झाला असता, तर उशीर आधी झाला आणि बिघाड नंतर, असं कंपनीला म्हणता आलं असतं.

पुरावे असे गोळा करा. ब्रेकडाउन सेवेकडून, मग ती एए असो, आरएसी असो की ग्रीन फ्लॅग, त्या दिवसाचा जॉब रिपोर्ट लेखी मागवा. ॲपमध्ये दिसतो तेवढ्यावर भागवू नका. त्यात फोनची वेळ, मेकॅनिक पोचल्याची वेळ, जागा, गाडीचा नंबर, निदान आणि गाडी टो केल्याची नोंद पाहिजे. मेकॅनिकने व्होल्टेज मोजून लिहिलं असेल तर फारच चांगलं. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. तो १२च्या खाली घुटमळत असेल तर अल्टरनेटर काम करत नव्हता हे कुणालाही पटतं. सोबत गॅरेजचं बिल: त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि 'अल्टरनेटर बदलला' अशी ओळ असावी. फोनच्या कॉल-लॉगचा स्क्रीनशॉट घ्या.

मेकॅनिकला किंवा गॅरेजला आणखी दोन ओळी लिहून मागा, कारण अपील वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका हीच येते की गाडी सुरू होत नव्हती तर ढकलून बाजूला का केली नाही. ऑटोमॅटिक गाडीत १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण उतरली की गिअरचा दांडा 'पी'वर अडकतो. हँडब्रेक इलेक्ट्रिक असेल तर तोही सुटत नाही. चाकं जागच्या जागी जाम होतात आणि चार माणसांनी ढकलली तरी गाडी हलत नाही. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, ते पान जोडा. आणि ५:०२ला बाहेरून बॅटरी जोडून इंजिन सुरू झाल्यावरही गाडी चालवत का नेली नाही? कारण अल्टरनेटर चार्ज करत नसेल तर गाडी फक्त बॅटरीत असेल तेवढ्यावर चालते आणि भर रस्त्यात पुन्हा बंद पडू शकते. मेकॅनिकनेच टो करायचं ठरवलं, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट असू द्या. येताना डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागला होता का, हेही घरी विचारून ठेवा. बिघाड आधीपासून माहीत होता असा युक्तिवाद कंपनी करू शकते, आणि प्रश्न आला तर उत्तर खरं असलं पाहिजे.

हे कागद जोडण्याआधी एक काम न विसरता करा. ब्रेकडाउन सेवेच्या रिपोर्टवर फोन करणाऱ्या सदस्याचं नाव असतं. ते तुमच्या पत्नीचं असेल, तर अपिलात महिनाभर जपलेली गोष्ट जोडपत्र क्रमांक एक सांगून टाकेल. नाव, सदस्य क्रमांक आणि फोन नंबर काळे करा. गाडीचा नंबर, वेळा, जागा आणि निदान उघडं ठेवा. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ठेवून भागत नाही, खालचा मजकूर कॉपी करता येतो. प्रिंट काढा, मार्करने खोडा आणि पुन्हा स्कॅन करा. खरेदीच्या पावत्या आणि बँक स्टेटमेंटचंही तेच.

आता कामाला लागा. दोन आघाड्या एकाच वेळी उघडायच्या.

पहिली आघाडी जागेच्या मालकाची. पार्किंग कंपनी ही तिथली कंत्राटदार, जागा दुसऱ्या कुणाची. रिटेल पार्कच्या फलकावर व्यवस्थापन पाहणाऱ्या एजंटचं नाव असतं. नसेल तर ज्या दुकानातून खरेदी केली तिथल्या मॅनेजरला विचारा. त्यांना छोटा ईमेल पाठवा: अमुक दिवशी तुमच्या ग्राहकांची गाडी तुमच्या आवारात बंद पडली, टो करून न्यावी लागली, पुरावा जोडला आहे, चार्ज रद्द करायला सांगा. इथे सौजन्याचा, सोबत वयस्कर आई असल्याचा उल्लेख चालतो, कारण ग्राहक नाराज होणं दुकानाला परवडत नाही. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. चालकाबद्दलची काळजी मात्र इथेही घ्या, हे ईमेल कंपनीकडे पुढे पाठवले जातात.

दुसरी आघाडी कंपनीकडच्या अपिलाची, आणि मालकाच्या उत्तराची वाट पाहत ती थांबवायची नाही, कारण २८ दिवसांची मुदत चालू आहे. नोटिशीच्या तारखेपासून मोजून १७ जुलैच्या आत अपील गेलं पाहिजे. वेबसाइटवर 'तुम्ही कोण' असं विचारतात, तिथे 'रजिस्टर्ड कीपर' निवडा. चालक असल्याचं मान्य केल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर फॉर्म सोडा आणि पत्र पाठवा. पोस्ट ऑफिसातून 'प्रूफ ऑफ पोस्टिंग' फुकट मिळतं, ते मागून घ्या.

अपील इंग्रजीतच लिहायचं आहे, पण त्याचा आशय असा ठेवा: "मी या गाडीचा नोंदणीकृत कीपर असून संबंधित वेळी चालक नव्हतो. नोटीस १९ जूनची आहे. परिशिष्ट ४, परिच्छेद ९ नुसार ती २१ जूनपर्यंत पोचणं आवश्यक होतं. कायद्याच्या गृहीतकानुसार ती २३ जूनला पोचली. त्यामुळे कीपरवर जबाबदारी येत नाही आणि चालकाचं नाव मी देणार नाही. याशिवाय, गाडी ३:४१च्या आधीच यांत्रिक बिघाडाने अचल झाली होती. ब्रेकडाउन सेवेचा अहवाल आणि गॅरेजचं बिल जोडलं आहे. चार्ज रद्द करावा, अन्यथा स्वतंत्र अपिलासाठी कोड द्यावा." बस. याहून लांब नको.

१ ऑक्टोबर २०२४पासून पार्किंग कंपन्यांच्या दोन्ही व्यावसायिक संघटनांची मिळून एकच आचारसंहिता लागू आहे. तिच्यात चार्जची कमाल मर्यादा १०० पाउंड आहे, वेळ संपल्यावर किमान १० मिनिटांची सवड आहे, आणि शेवटी अपिलांबाबतचं परिशिष्ट आहे. ते उघडून तुमच्या बाबतीत लागू पडणारं कलम क्रमांकासह अपिलात टाका.

कंपनीच्या कॅमेऱ्याचे फोटोही मागा. ही व्यवस्था फक्त आत जाणारी आणि बाहेर पडणारी नंबरप्लेट टिपते. मधल्या साडेतीन तासांत बॉनेट उघडं होतं की काय, हे तिला कळत नाही. ५:३८चा बाहेर पडतानाचा फोटो नीट बघा. गाडी टो-ट्रकवर किंवा दोरावर दिसत असेल तर तुमचा उत्तम साक्षीदार कंपनीच्याच सर्व्हरवर बसलेला आहे. अपिलाच्या उत्तरात फोटो दिले नाहीत तर कंपनीच्या डेटा अधिकाऱ्याला 'सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट' पाठवा. महिन्याच्या आत त्यांना तुमच्याबद्दलची माहिती द्यावी लागते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

अपील फेटाळलं गेलं तर खचू नका, पहिल्या फेरीत ते सहसा होतंच. मग कंपनी कोणत्या संघटनेची सदस्य आहे ते पाहा. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची असेल तर पोप्लाकडे जाता येतं. फेटाळल्याच्या पत्रात दहा अंकी कोड असतो आणि २८ दिवस मिळतात. तिथे सगळे मुद्दे एका पीडीएफमध्ये, स्वतंत्र शीर्षकांखाली मांडा. उशिराची नोटीस पहिली, अचल गाडी दुसरी. तिसरा मुद्दा, कंपनीने जागामालकाशी झालेला करार दाखवावा. मग कंपनी आपला पुरावा टाकते आणि त्यावर टिपणी करायला तुम्हाला सात दिवस असतात. तो ईमेल स्पॅममध्ये जाऊ देऊ नका. कंपनी 'इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी'ची असेल तर अपील आयएएस या त्यांच्या अपील सेवेकडे, मुदत २१ दिवस. तिथे वाहनधारकांच्या बाजूने लागणाऱ्या निकालांचं प्रमाण पोप्लापेक्षा बरंच कमी आहे, तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा. दोन्हीकडे तुम्ही जिंकलात तर कंपनीला ते मान्य करावं लागतं. हरलात तर तुम्ही बांधले जात नाही, कंपनीला पैसे हवे असतील तर कोर्टातच जावं लागतं. साठ पाउंडांची सवलत मात्र या टप्प्यावर गेलेली असते.

आता तुमच्या पत्नीच्या म्हणण्याचा हिशेब मांडू, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. भरलं तर साठ पाउंड आणि विषय संपला. पैसे भरले म्हणजे प्रकरण बंद, मग अपील करता येत नाही. लढून सगळीकडे हरलात तर? मूळ १००, त्यावर वसुली एजन्सी लावते ते ७०, दाव्याची कोर्ट फी ३५, वकिलाचे ठरीव ५०, थोडं व्याज, सुनावणीपर्यंत गेलं तर आणखी २७. म्हणजे पावणेतीनशे ते तीनशेच्या घरात, आणि वरचे ७० अनेक न्यायाधीश नामंजूर करतात. लहान दाव्यांत समोरच्या पक्षाचा बाकी वकिली खर्च सहसा डोक्यावर पडत नाही. सुनावणी तुमच्या जवळच्या कोर्टात होते, आणि मे २०२४पासून त्याआधी फोनवरची मोफत मध्यस्थी सक्तीची आहे. ज्या कोर्टाच्या पायरीची पत्नीला धास्ती आहे ती तुम्ही आपण होऊन चढणार नाही, चढायची झाली तर कंपनी चढेल. नोटीस उशिराची आहे हे दिसत असताना ती चढेल असं मला वाटत नाही. माझा कौल लढण्याच्या बाजूने आहे. पण मानसिक ताण हाही खर्चच असतो. घरी वयस्कर आई आहे, रोज टपालाची धास्ती घेऊन जगायचं नसेल, तर कंपनीचं पहिलं उत्तर येईपर्यंत तरी थांबा. अपील १४ दिवसांच्या आत केलं तर ते फेटाळताना साठ पाउंडांची सवलत बहुधा पुन्हा देतात. तेव्हा निर्णय घेता येईल.

मधल्या काळात लाल अक्षरांतली वसुलीपत्रं येतील. वसुली एजन्सीला घरी येऊन सामान उचलण्याचा कोणताही अधिकार नाही. त्यांच्याशी फोनवर बोलू नका, पत्रं फाइल करा. दोन गोष्टींना मात्र उत्तर द्यावंच लागतं. एक, दावा लावण्याआधीचं पत्र, म्हणजे 'लेटर ऑफ क्लेम': ३० दिवसांत लेखी उत्तर. दुसरी, कोर्टाचा क्लेम फॉर्म, जो नॉर्थॅम्प्टनच्या कोर्ट केंद्रातून येतो. त्यावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी तो तुम्हाला मिळाला असं धरतात, तिथून १४ दिवसांत पोच द्यायची. पोच दिली की बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात.

आणि गाडीच्या व्ही५सी या नोंदणीच्या कागदावर तुमचा सध्याचा पत्ता आहे ना, हे आजच पाहा. गाड्यांची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था, डीव्हीएलए, पार्किंग कंपनीला तोच पत्ता देते. भाड्याची घरं बदलत राहणाऱ्यांच्या बाबतीत नेमकं इथे बिनसतं: दावा जुन्या पत्त्यावर जातो, उत्तर जात नाही, आणि न कळताच सीसीजे लागतो. पत्ता ऑनलाइन, फुकट बदलता येतो. घर बदललंत तर कंपनीलाही नवा पत्ता लेखी कळवा. दाव्याची मुदत सहा वर्षं असते.

ज्यांची गाडी कंपनीमार्फत लीजवर आहे त्यांना वेगळी घाई करावी लागते. नोटीस आधी लीज कंपनीकडे जाते आणि ती पैसे भरून तुमच्या पगारातून वळते करू शकते, वर प्रशासकीय शुल्क लावते. गाडी बंद पडल्याच्या दिवशीच त्यांना ईमेल करा: नोटीस आली तर भरू नका, भाडेकरू म्हणून माझं नाव कळवा. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांनी ध्यानात घ्यावं की चौथं परिशिष्ट तिथे लागू नाही. तिथे चालकाचं नाव न देणं हाच मुख्य बचाव. विमानतळ आणि रेल्वे स्थानकांची आवारं बहुधा उपविधींखाली, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या नियमांखाली, येतात, तिथेही कीपरवर जबाबदारी टाकता येत नाही. नोटीस काचेवर लावली असेल तर मोजणी बदलते: कीपरला टपालाने येणारी नोटीस घटनेनंतर २९व्या ते ५६व्या दिवसाच्या दरम्यान पोचावी लागते.

गाडी आवारात बंद पडलेली असतानाच हे वाचत असाल तर आधी ब्रेकडाउन सेवेला फोन करा, कारण त्याची वेळ नोंदली जाते. मग एक छोटा व्हिडिओ काढा: बटण दाबल्यावर इंजिन सुरू होत नाही, डॅशबोर्डवरचे दिवे, घड्याळ. पाटीवरच्या नंबरवर कळवा, आणि दुकानातल्या ग्राहक-मदत खिडकीवर सांगून त्या कर्मचाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या. टो-ट्रक आला की तुमची गाडी, ट्रकची नंबरप्लेट आणि मागचं दुकान एकाच चौकटीत येईल असा फोटो घ्या. काचेवर चिठ्ठी ठेवायची असेल तर "गाडी बंद पडली आहे, मदत मागवली आहे" आणि वेळ, एवढंच लिहा. नाव आणि सही नको.

तुमच्यासाठी आत्ताचं काम: ब्रेकडाउन सेवेचा रिपोर्ट मागवायला दोन-चार दिवस लागू शकतात, म्हणून तो ईमेल आज पाठवा. रिपोर्ट वेळेत आला नाही तर १७ जुलैची वाट न पाहता कॉल-लॉग आणि गॅरेजच्या बिलावर अपील दाखल करा. रिपोर्ट मागाहून जोडता येईल.